आपल्याच पक्षाविरुद्ध दिलेली साक्ष

वचन : स्तोत्रसंहिता १५:४



परमेश्वराच्या मंडपात राहण्यास कोण योग्य, असा प्रश्न दावीद राजा ह्या स्तोत्राच्या आरंभी करितो आणि त्याचे उत्तरही तोच देतो. ह्या उत्तरात यज्ञांची संख्या नाही, अर्पणांचे मोल नाही, कुळाची थोरवीही नाही. त्यात आहे ती रोजच्या वागणुकीची कसोटी. त्या कसोटीतील एक लक्षण आज आपण विचारास घेऊ. ते असे की, स्वतःची हानी होत आहे हे डोळ्यांना दिसत असताही जो आपला शब्द फिरवीत नाही, तोच देवाजवळ वस्तीस योग्य होय. खरे बोलल्याने लाभ होत असेल तर खरे बोलणे कोणासही जमते. खरे बोलल्याने पदरचे जात असेल, तेव्हाच मनुष्याचा कस लागतो.

ह्या वचनाचा अर्थ मनात ठसावा म्हणून जर्मनी देशातील एका निवृत्त खेळगड्याचे चरित्र आपण पाहू. प्रवचनात खेळाची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिताना शर्यतीत धावणारांचा व मुष्टियुद्ध करणारांचा दाखला घेतला, हे त्याच्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात आपण वाचतो. जे उदाहरण प्रेषितास वर्ज्य नव्हते, ते आपणांसही वर्ज्य नसावे.

मिरोस्लाव क्लोजे ह्याचा जन्म ९ जून १९७८ रोजी पोलंड देशातील ओपोले ह्या शहरी झाला. हे शहर सायलेशिया प्रांतात आहे. तेथे जर्मन वंशाची पुष्कळ कुटुंबे राहत आली, त्यांपैकीच त्याच्या वडिलांचे घराणे होते. वडील फुटबॉल खेळून पोट भरीत. पोलंड सोडून ते फ्रान्समधील ओसेर येथील संघाकडून खेळले. आई हँडबॉल खेळे व पोलंडच्या राष्ट्रीय संघातही तिने स्थान मिळविले होते. मुलगा सुमारे आठ वर्षांचा असता हे कुटुंब जर्मनीतील कूझेल ह्या लहानशा गावी येऊन राहिले. त्या वेळी त्यास जर्मन भाषेचे अवघे दोन शब्द येत होते असे सांगतात. शाळेत गुरुजी काय बोलतात ते कळत नाही, सोबती काय म्हणून हसतात ते उमजत नाही, अशा मुलास चेंडू हीच पहिली भाषा झाली. परक्या गावी, परक्या लोकांत जाऊन राहण्याचा प्रसंग ज्यांवर आला असेल, त्यांस ह्याचा अर्थ अधिक सांगावयास नको.

पुढे तो मोठा झाला, परंतु मोठा खेळगडी झाला नाही. ब्लाउबाख-डीडेलकोफ नावाच्या खेडेगावच्या संघात तो खेळे. जर्मनीत फुटबॉलच्या संघांच्या एकाखाली एक अशा श्रेणी असतात. हा संघ त्या वेळी सातव्या श्रेणीत होता. म्हणजे ज्यांची नावे वृत्तपत्रांत येतात त्यांच्यापासून हा तरुण सहा पायऱ्या खाली उभा होता. पोटासाठी त्याने सुतारकामाचे शिक्षण घेतले. रंधा, करवत व पटाशी ह्यांवर दिवस आणि चेंडूवर संध्याकाळ, असा त्याचा क्रम होता. इतर नामांकित खेळगडी लहान वयातच मोठ्या संघांच्या शाळांत निवडले जातात. हा वीस वर्षांचा होईतो खेड्यातच होता. १९९८ साली तो होम्बुर्ग येथील संघात गेला, १९९९ साली कायझरस्लाउटर्न येथील संघात, आणि २००० साली प्रथमच जर्मनीच्या सर्वोच्च श्रेणीच्या सामन्यात मैदानावर उतरला. त्यानंतर एका वर्षाच्या आत, २४ मार्च २००१ रोजी, जर्मनीच्या राष्ट्रीय संघाकडून आल्बेनियाविरुद्ध तो प्रथम खेळला. सामना संपण्यास दोनच मिनिटे उरली असता त्याने डोक्याने चेंडू मारून गोल केला, आणि जर्मनीने तो सामना २–१ असा जिंकला.

वाचकहो, प्रभू येशूनेही नासरेथात सुताराचे काम केले, हे आपण जाणतोच. सुतारकाम केल्याने कोणी पवित्र होत नाही. परंतु त्या धंद्यात एक शिकवण आहे: माप चुकले तर लाकूड सांभाळून घेत नाही. दार चौकटीत बसले नाही तर सुताराने कितीही गोड बोलले तरी ते बसत नाही. ज्याने तरुणपणी लाकडाशी काम केले, त्यास खोट्या मापाचा उपयोग नाही हे हातानेच कळलेले असते.

आता त्याच्या कीर्तीविषयी थोडे सांगितले पाहिजे. कारण ज्यापाशी गमावण्यासारखे काही नाही त्याच्या सत्याची किंमत लोकांस कळत नाही. विश्वचषक ही फुटबॉलची सर्वांत मोठी स्पर्धा दर चार वर्षांनी भरते. क्लोजे अशा चार स्पर्धांत खेळला. २००२ साली त्याने पाच गोल केले व ते पाचही डोक्याने केले. त्या वर्षी जर्मनीचा संघ अंतिम सामन्यात ब्राझीलकडून हरला. २००६ साली स्पर्धा जर्मनीतच झाली, तेव्हा पुन्हा पाच गोल करून त्याने सर्वांत अधिक गोलांचा मान मिळविला. २०१० साली चार व २०१४ साली दोन, असे एकंदर १६ गोल त्याने केले. ब्राझीलच्या रोनाल्डोचे १५ गोल होते. ८ जुलै २०१४ रोजी बेलो होरिझोंटे येथे, ज्या सामन्यात जर्मनीने ब्राझीलला ७–१ असे हरविले त्याच सामन्यात, क्लोजेने तो आकडा ओलांडिला. राष्ट्रीय संघाकडून १३७ सामन्यांत त्याने ७१ गोल केले, आणि ज्या ज्या सामन्यात त्याने गोल केला त्यांपैकी एकही जर्मनीने गमाविला नाही.

येथे एक गोष्ट जोडली पाहिजे. त्याच्या आधी जर्मनीकडून सर्वाधिक गोल गेर्ड म्युलर ह्याच्या नावावर होते. त्याने ६८ गोल अवघ्या ६२ सामन्यांत केले होते. रोनाल्डोनेही आपले १५ गोल १९ सामन्यांत केले. क्लोजेस सोळांसाठी २४ सामने लागले. ज्याच्या सत्यप्रियतेविषयी बोलावयाचे, त्याची स्तुती करिताना आपणही माप खरेच ठेविले पाहिजे. तो सर्वांत कुशल होता असे नाही. तो सर्वांत चिकाटीचा होता असे म्हणता येईल.

आता मुख्य गोष्टीकडे वळू.

२००५ सालची गोष्ट. क्लोजे तेव्हा वेर्डर ब्रेमेन ह्या संघाकडून खेळत होता आणि सामना आर्मिनिया बीलेफेल्ड ह्या संघाशी होता. चेंडूसाठी चाललेल्या झटापटीत बीलेफेल्डच्या गोलरक्षकाशी गाठ पडून क्लोजे खाली पडला. पंचास वाटले की गोलरक्षकाने नियमाविरुद्ध पाडले. त्याने शिटी वाजवून पेनल्टी दिली. पेनल्टी म्हणजे काय हे ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: गोलापासून अकरा मीटरांवर चेंडू ठेवितात, समोर केवळ एक गोलरक्षक असतो, आणि बहुतेक वेळा गोल होतोच. अशी भेट आपण होऊन हाती आली होती. परंतु क्लोजेने पंचास सांगितले की गोलरक्षकाचा अपराध नाही. पंचाने निर्णय मागे घेतला. ह्या वागणुकीबद्दल पुढे त्यास सद्वर्तनाचे पारितोषिक देण्यात आले.

दुसरी गोष्ट २६ सप्टेंबर २०१२ रोजीची. आता तो इटलीत, रोम येथील लात्सिओ ह्या संघात होता, आणि सामना नेपल्स शहरी तेथील नापोली संघाशी होता. सामना सुरू होऊन काही मिनिटेच झाली होती. कोपऱ्यावरून चेंडू आला, क्लोजे त्यावर झेपावला आणि चेंडू गोलात गेला. पंचाने गोल मान्य केला. परंतु चेंडू डोक्याने नव्हे, हाताने गेला होता. आणि फुटबॉलात गोलरक्षकावाचून कोणास हात लावता येत नाही. नापोलीच्या खेळगड्यांनी एकच ओरड केली. पंचाने क्लोजेस विचारले. क्लोजेने सांगितले की हात लागला. गोल रद्द झाला. नापोलीचे खेळगडी, जे क्षणापूर्वी संतापले होते, त्यांनी येऊन त्याचा हात हाती घेतला.

आणि सामन्याचे काय झाले? लात्सिओ तो सामना ०–३ असा हरला.

बंधूंनो, हा आकडा मी मुद्दाम सांगतो. पुष्कळ वेळा आपण मुलांस अशा गोष्टी सांगतो की अमुक मनुष्य खरे बोलला आणि लगेच त्यास दुप्पट मिळाले. अशा गोष्टींनी मुलांच्या मनात एक चुकीची समजूत घर करिते, ती ही की, सत्य हा एक प्रकारचा व्यापार आहे. आज थोडे घालावे, उद्या पुष्कळ काढावे. मग ज्या दिवशी खरे बोलूनही तोटाच होतो, त्या दिवशी त्यांचा विश्वास डळमळतो. स्तोत्रकर्ता अशी लालूच दाखवीत नाही. तो हानी होईल हे आधीच धरून चालतो. सत्याचे फळ सामन्याच्या आकड्यांत नव्हे, तर देवाजवळच्या वस्तीत आहे, असे तो सांगतो.

ह्या दोन प्रसंगांवरून तीन गोष्टी आपण शिकू.

पहिली गोष्ट अशी की, क्लोजेची साक्ष केवळ स्वतःविरुद्ध नव्हती, ती आपल्या पक्षाविरुद्ध होती. तो गोल एकट्याचा नव्हता. त्याच्यासह अकरा गडी मैदानावर होते, आणि रोमेत सहस्रावधी लोक त्या संघाच्या जयाकडे डोळे लावून बसले होते. स्वतःचे नुकसान सोसण्यास तयार असलेला मनुष्यही अशा वेळी म्हणतो, ‘माझे जाऊ द्या, पण माझ्या माणसांचे नुकसान मी कसे करू?’ असत्याची सर्वांत बळकट तटबंदी हीच आहे. स्वार्थासाठी खोटे बोलणाऱ्यास निदान लाज वाटते. आपल्या माणसांसाठी खोटे बोलणारा तर त्यास निष्ठा असे नाव देतो. बांधाच्या तंट्यात भाऊबंदाच्या बाजूने साक्ष देताना, मंडळीच्या हिशेबात आपल्याच माणसाची तूट झाकताना, शाळेच्या हजेरीपटावर न आलेली मुले आली असे लिहिताना, हीच निष्ठा आपल्या कानाशी कुजबुजते. परंतु ज्या घराचा पाया खोट्या साक्षीवर घातला, ते घर आपल्या माणसांसाठी बांधले असे म्हणता येत नाही. ते त्यांच्याच डोक्यावर कोसळावयाचे असते.

दुसरी गोष्ट अशी की, प्रश्नाचा क्षण हा फार लहान असतो. पंचाने विचारले आणि उत्तर द्यावयाचे, ह्यांत विचार करण्यास किती वेळ होता? एक श्वास घेण्याइतका. प्रेषित पेत्राची गोष्ट आठवा. त्याने प्रभूबरोबर मरण्याचीही तयारी बोलून दाखविली होती, आणि ती खोटी होती असे आपण म्हणत नाही. तथापि महायाजकाच्या वाड्यात एका दासीने सहज विचारिले आणि तो चुकला. मोठ्या संकटाची तयारी त्याने केली होती, लहान प्रश्नाची केली नव्हती. क्लोजेने २०१२ साली जे उत्तर दिले, ते २०१२ साली ठरविलेले नव्हते. सात वर्षांपूर्वी तो असाच वागला होता. सवयीने पडलेली वाट अंधारातही सापडते. ह्यास्तव जो लहान लहान गोष्टींत रोज खरे बोलतो, तोच मोठ्या प्रसंगी खरे बोलेल. प्रभूने होयला होय व नाहीला नाही म्हणण्याची जी शिकवण डोंगरावर दिली, ती शपथेच्या मोठ्या दिवसासाठी नव्हे, तर नित्याच्या बोलण्यासाठी आहे.

तिसरी गोष्ट अशी की, पाहणारे लहान असतात. ह्या प्रसंगाविषयी क्लोजे बोलला तेव्हा त्याचा आशय असा होता की, पुष्कळ मुले हा खेळ पाहतात आणि आम्ही त्यांच्यापुढे उदाहरण असतो. ह्याच नेपल्स शहरी, ह्याच मैदानावर, त्यापूर्वी १९८४ पासून १९९१ पर्यंत आर्जेंटिनाचा दिएगो मराडोना हा महान खेळगडी खेळून गेला होता. २२ जून १९८६ रोजी मेक्सिको येथे विश्वचषकाच्या सामन्यात इंग्लंडविरुद्ध त्याने हाताने गोल केला. पंचास तो दिसला नाही, गोल मान्य झाला, आणि आर्जेंटिना २–१ असा जिंकला. सामन्यानंतर मराडोनाने त्या गोलाशी ईश्वराच्या हाताचे नाव जोडले. पुढे कैक वर्षांनी हात आपलाच होता हे त्याने मान्यही केले. तो २०२० साली मरण पावला, आणि नेपल्सच्या लोकांनी आपल्या मैदानास त्याचेच नाव दिले, इतके त्याच्यावर त्यांचे प्रेम होते. त्याचा न्याय करणे हे आपले काम नव्हे. परंतु जगभर लक्षावधी मुलांनी तो गोल पाहिला व त्यास चातुर्य म्हटले, हेही खरे आहे. एकाच खेळात, एकाच प्रकारचे दोन गोल. एकाशी ईश्वराचे नाव जोडले गेले, दुसऱ्यात केवळ ‘हात लागला’ एवढेच शब्द होते. ह्यांपैकी कोणत्यात देवाच्या नावाचा अधिक मान राखला गेला, हे मी तुम्हांस सांगावयास नको. उपदेशकांनो व शिक्षकांनो, आपण धर्माचे नाव पुष्कळ वेळा घेतो. मुले मात्र आपण हिशेब कसा देतो हे पाहतात.

ह्या चरित्रातील आणखी एक प्रसंग सांगून पुरे करितो. १३ जुलै २०१४ रोजी रिओ येथील माराकाना मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना जर्मनी व आर्जेंटिना ह्यांच्यामध्ये झाला. क्लोजे तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. २००२ साली हाच सामना तो हरला होता. २००६ व २०१० साली जर्मनीस तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले होते. बारा वर्षांची वाट पाहणे त्या दिवसासाठी होते. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटास, कोणाचाही गोल झालेला नसता, त्यास बाहेर बोलाविण्यात आले आणि त्याच्या जागी मारिओ गोत्झे हा बावीस वर्षांचा तरुण आत गेला. ठरलेली वेळ संपून जादा वेळ सुरू झाली, आणि ११३ व्या मिनिटास त्याच गोत्झेने गोल करून जर्मनीस विश्वचषक मिळवून दिला. ज्याच्या नावावर सोळा गोल होते, त्याने हा सर्वांत मोठा गोल बाहेर बसून पाहिला. पुढच्याच महिन्यात त्याने राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली व २०१६ साली खेळणेच सोडिले. त्यानंतर तो मुलांस व तरुणांस शिकविण्याकडे वळला. २०१८ पासून म्युनिक येथील बायर्न संघाच्या मुलांचा, २०२२ साली ऑस्ट्रियातील आल्टाखच्या संघाचा व २०२४ साली न्यूर्नबर्गच्या संघाचा तो प्रशिक्षक झाला.

जो गोल आपला नव्हता तो ज्याने परत दिला, त्यास आपली जागा दुसऱ्यास देणेही जमले, ह्यात नवल ते काय? दोहोंचे मूळ एकच. जे माझे नाही ते मी धरून ठेवणार नाही, आणि जे माझे आहे तेही मी मुठीत आवळून बसणार नाही. शमुवेल म्हातारा झाला तेव्हा सर्व इस्राएलापुढे उभा राहून त्याने विचारिले की मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणावर जुलूम केला. आणि कोणासही बोट दाखविता आले नाही. काम सोडून जाण्याच्या दिवशी असा प्रश्न निर्भयपणे विचारिता यावा, ह्याहून मोठे वेतन कोणत्याही चाकरीत नाही.

विक्रम हे मोडण्यासाठीच असतात. म्युलरचा क्लोजेने मोडिला, रोनाल्डोचाही मोडिला. क्लोजेचा दुसऱ्याने मोडावा, हाच खेळाचा नियम. परंतु नेपल्सच्या मैदानावर जो गोल मोजला गेला नाही, तो कोणास मोडिता येणार नाही. मनुष्यांच्या वहीत त्याची नोंद ‘रद्द’ अशी आहे. ज्याच्या मंडपात राहण्याची आपण आशा करितो, त्याच्या वहीत अशा रद्द झालेल्या लाभांची नोंद राहते असा आपला भरवसा आहे.

तर बंधूंनो व भगिनींनो, ह्या आठवड्यात तुमच्यापैकी कोणास बाजारात, कचेरीत, पंचांपुढे किंवा घरच्या उंबऱ्यावर कोणी एक लहानसा प्रश्न विचारील. उत्तर द्यावयास एका श्वासाइतकाच वेळ असेल. खरे उत्तर कदाचित तुमच्या पक्षास महाग पडेल. त्या वेळी देव आपणां सर्वांस ‘हात लागला’ एवढे दोन शब्द बोलण्याचे बळ देवो. आमेन.